एकवर धर

मला मुळातच राग लवकर येतो. त्यात पीएच. डी.ची तोंडी परीक्षा नऊ दिवसांवर आलेली, आणि इकडं आमच्या देऊळघाटच्या वस्तीनं विहाराच्या कुंपणाला दहा फुटी फ्लेक्स टांगून ठेवलेला: 'डॉ. धम्मशीला माणिकराव इंगळे यांच्या शुभहस्ते अभ्यासिकेच्या बांधकामाचा शुभारंभ'. त्यावर माझा फोटो. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, डोळे अर्धे मिटलेले.

"बाबा, मी अजून डॉक्टर झाले नाही!" एस. टी.तून उतरल्या उतरल्या मी बाबांवर ओरडले.

"नऊ दिवसाचं तं काम हाये," बाबा माझी बॅग उचलत म्हणाले. "फ्लेक्स दोनदा कायले छापाव?"

बाबा गवंडी. चाळीस वर्षं झाली, थापी हातातून सुटलेली नाही. देऊळघाटपासून बुलढाण्यापर्यंत त्यांनी बांधलेली घरं मी बोटानं दाखवू शकते. आता ही अभ्यासिका, वस्तीतल्या पोरापोरींना स्पर्धा परीक्षांसाठी बसायला एक मोठी खोली, ते मजुरी न घेता बांधून देणार होते. आणि मी पुण्यात सहा वर्षं गणिताचं तत्त्वज्ञान शिकत होते. म्हणजे काय, हे वस्तीत विचारलं की मी सांगायचे, "गणित खरं काऊन असते, ते शोधून राह्यली." बाबांचे जोडीदार प्रेमानंदकाका एकदा म्हणाले होते, "खोटं निघालं तर मले पहिले सांगजो बरं. चौथीत त्यानंच नापास केलतं."

माझ्या प्रबंधाबद्दल थोडं सांगावं लागेल. कंटाळू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्या विषयात एक जुनं भांडण आहे. काही जण म्हणतात, गणित जगापासून अलिप्त आहे. तीन, चार आणि पाच लांबीच्या बाजू घेतल्या की काटकोन होणारच. ते एकदा सिद्ध झालं, आता तपासायची गरज नाही. दुसरे म्हणतात, छे, गणितही विज्ञानासारखंच आहे. वापरून पाहतो, टिकतं, म्हणून विश्वास ठेवतो. दोन्हीकडचे लोक खुर्चीत बसून भांडतात. प्रत्यक्ष काटकोन जिथं जमिनीवर आखला जातो तिथं कुणी जात नाही. मी गेले, निदान मला तसं वाटलं. प्रबंधाचं चौथं प्रकरण माझ्या बापावर आहे.

जगभरचे गवंडी काटकोनासाठी तीन-चार-पाच वापरतात. माझे बाबा चार-पाच-सहा म्हणतात. लहानपणापासून मी ऐकत आले. बाबा दोरी लावताना ओरडायचे, "चार! पाच! सहा!" दोन दिवाळ्यांमागं मी मुद्दाम मोबाइलवर व्हिडिओ काढला. बाबांचा अंगठा टेपाच्या चारच्या आकड्यावर, मग पाचवर, मग सहावर. अगदी जवळून. "बाबा, चार-पाच-सहा काऊन?" असं विचारलंही. ते म्हणाले, "असंच असते. गुण्यात येते." गुण्यात येते म्हणजे बरोबर काटकोनात येते.

आता चार-पाच-सहानं काटकोन होत नाही. साधारण त्र्याऐंशी अंश होतात. वीस फुटांच्या भिंतीत अडीच फुटांचा वाकडेपणा येईल. पण बाबांची घरं तर सरळ! मग मी चाळीस पानं लिहिली. नियम चुकीचा, काम बरोबर. म्हणजे कारागिराला गणिताचं सत्य लागतच नाही. तो नंतर खोलीचे दोन्ही कर्ण मोजतो, ते सारखे येईपर्यंत डोळ्यानं दुरुस्त करतो. त्याचा नियमावर विश्वास नाही, नियम ही नुसती रीत. 'सदर कारागीर नियमाचं कारण जाणत नाही,' हे वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं. त्यावर लेख छापून आला. एका परदेशी प्राध्यापकानं कौतुकाचं पत्र पाठवलं. माझ्या मार्गदर्शक सुलभा मॅडमनी विभागात पेढे वाटले.

तर शुभारंभाच्या आदल्या दिवशी मी आमच्या अंगणात येरझारा घालत होते. परीक्षक काय विचारतील, मी काय सांगेन, सगळं मनात घोळवत. बसले की पाय हलायचे, उभी राहिले की नखं तोंडात.

"बाई, एका जागी टेक ना व," आई चुलीपासून म्हणाली. "अंड्यावर आलेली कोंबडी फिरते तशी फिरून राह्यली. जा, बाबाले जेवाले बोलाव."

मी विहारामागच्या मोकळ्या जागेत गेले. बाबा एकटेच टेपाशी झटापट करत होते. प्रेमानंदकाका मोटरसायकलवरून पडलेले. त्यांचा हात प्लास्टरमध्ये, ते दगडावर बसून नुसत्या सूचना देत होते. टेपाचं दुसरं टोक बाबांनी विटेखाली दाबलं होतं आणि ते सारखं निसटत होतं.

"द्या, मी धरते."

"नको. हात खराब होतील."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. सात-आठ वर्षांची असताना टेपाला हात लावला की बाबा तो काढून घ्यायचे. "तू पेन धर. टेप धरणारे लय हायेत आपल्यात." आईनं सिमेंट-वाळूचा माल कालवला, पाट्या उचलल्या, चुलतभाऊ विटा वाहायला गेले. मला मात्र कामावर पाण्याची बाटलीसुद्धा न्यायची बंदी. एकतीस वर्षांची झाले, गवंड्याची पोर, चाळीस पानं लिहून बसले, पण टेप कधी हातात धरला नव्हता.

"बाबा, एवढ्यानं माझे हात झडत नाहीत!" म्हणत मी टेपाचं टोक ओढलंच. कोपऱ्यातल्या खिळ्याला टेपाची कडी लावली आणि दाबून धरली. बाबा टेप उलगडत लांब गेले.

"कुठी धरलं?"

"शून्यावर!"

"शून्यावर नाई. एकवर धर."

"काय?"

"एकवर! कडी सोड, अन् एकचा आकडा खिळ्यावर ठेव."

मी खाली पाहिलं. कडी तारेनं बांधलेली होती, खुळखुळ हलत होती. पहिल्या फुटाचे आकडे दगडावर घासून पुसलेले, पत्रा वाकून सरळ केलेला. एकचा आकडा मात्र ठळक होता. तिथं दोन्ही बाजूंनी बोटांचे डाग पडलेले, कारण प्रेमानंदकाकांनी वर्षानुवर्षं तिथंच धरलेलं. मी एक खिळ्यावर ठेवला.

"चार!" बाबा ओरडले आणि त्यांनी खूण केली.

चारातून एक गेला, तीन.

"पाच!"

चार.

मग तिरपा टेप. पुन्हा एकवर. "सहा!"

पाच.

 खरंच सांगते, त्या क्षणी मला तिथल्या तिथं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तीन-चार-पाच! माझा बाप चाळीस वर्षं तीन-चार-पाचच करत होता, जगातल्या प्रत्येक गवंड्यासारखं. मी व्हिडिओ काढला तो अंगठ्याचा. टेपाच्या दुसऱ्या टोकाकडं कॅमेरा एकदाही वळवला नाही.

"बाबा," माझा आवाज चिरकला, "एकवर काऊन धरता?"

"अवं, टेपाचं टोकच पहिले मरते. कडी ढिली होते, ओढूओढू लांबते, घासून झिजते. शून्यावर भरोसा ठेवला तं घर रोज जरासं सरकते. एकचा आकडा मधात राह्यते, तो कुठी जात नाई. म्हून तिथून धराव अन् मनात एक वजा कराव."

"नवा टेप असला तरी?"

"नवा काय जन्मभर नवा राह्यते? हाताले सवय एकच पाह्यजे."

"साध्या गोष्टी इचारून राह्यली डॉक्टरीणबाई," प्रेमानंदकाका दगडावरून म्हणाले. "हे तं लहान पोट्ट्यालेही माहीत हाये."

खरंय. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला कुणी सांगितलं नाही.

जेवण राहिलं बाजूला. पाण्याच्या टाकीपाशी रेंज येते, तिथं जाऊन मी सुलभा मॅडमना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. 

"हे बघ, धम्मशीला," मॅडम म्हणाल्या, "सात महिने मागे लागून परीक्षकांची तारीख मिळालीय. तुझी फेलोशिप मार्चमध्येच संपली. आता प्रकरण काढलंस तर प्रबंध परत येणार, नवे परीक्षक, नवी तारीख. वर्ष गेलं समज. कॉलेजातली ती प्राध्यापकाची जागाही जाईल, त्यांना पदवी जुलैच्या आत हवीय."

"पण मॅडम, ते खोटं आहे."

"चूक आहे. खोटं नव्हे. तुझा मूळ मुद्दा उभा राहतोच, उदाहरण फक्त डळमळलंय. आणि देऊळघाटला टेप बघायला कोण येणारे?"

"सकाळपर्यंत चूक होती, मॅडम. आता मला माहीत झालंय."

"तू आधी शांत हो. उद्या बोलू."

मला शांत हो म्हटलेलं अजिबात खपत नाही. मी टाकीला तीन फेऱ्या मारल्या. मग वाटलं, मॅडम चुकीचं काय बोलल्या? कोण येणार आहे? नऊ दिवस तोंड शिवायचं, पदवी घ्यायची, पुस्तक निघेल तेव्हा गुपचूप दुरुस्त करायचं. कॉलेजची जागा हातातोंडाशी आलेली. सहा वर्षं मी पुण्यात खोलीभाड्यासाठी शिकवण्या केल्या, त्या काय हौस म्हणून? टाकीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन ओसरीवर बसले. प्रेमानंदकाकाही आले. आईनं चहा ठेवला.

"उद्या लोक तुले दोन शब्द बोलाले लावतीन," बाबा म्हणाले. "माह्यावर तू जे लिव्हलं ते सांगजो. अन् आधी मले वाचून दाखव. लेख छापून आला तवापासून साऱ्या गावाले सांगून राह्यलो, पोरीनं माह्यावर लिव्हलं म्हून. पण काय लिव्हलं ते मलेच माहीत नाई."

मी टाळू शकले असते. इंग्रजीत आहे, नंतर सांगते, म्हटलं असतं. चार गोड वाक्यं बनवून सांगता आली असती. पण बाबा मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून, शाळेतल्या पोरासारखे सावरून बसले होते. माझ्यानं खोटं बोलवेना. मी लॅपटॉप उघडला आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचत गेले. चार-पाच-सहा. त्र्याऐंशी अंश. अडीच फूट. डोळ्यानं दुरुस्ती.

प्रेमानंदकाका आधी फिसकन हसले, मग खो खो. "डोळ्यानं अडीच फूट! माणिक, तुह्या एकाही घराले दार नसतं लागलं बे! चौकट इकडं अन् भिंत पार मोताळा गावाले!"

बाबा हसले नाहीत.

"कारण जाणत नाई, असं लिव्हलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं."

ते 'बरं' मला लागलं. ओरडले असते तर मीही ओरडले असते.

"मी विचारलं होतं ना, बाबा! तुम्ही म्हणाले, असंच असते."

"तू इचारलं चार काऊन. कुठी धरलं, हे नाई इचारलं. अन् माहे पाय त्या वक्ताले चिखलात होते. टेप तुह्या समोर पडेल होता. तुले दिसत नसंन, असं मले कसं वाटन? तू एवढी शिकेल."

मी लॅपटॉप मिटला. शेवटी, माझी बुडती बाजू सावरायला, विचारलं, "मग नियम पक्का आहे तर कर्ण कायले मोजता? भरोसा असता तर तपासलं नसतं."

"नियम पक्काच हाये. मी पक्का नाई. दोरी ढिली पडते, खुंटी कलते, ऊन डोळ्यावर येते. नियम कोण तपासते? आपण आपलं काम तपासतो."

सहा वर्षं मी ज्या भांडणात पडले होते त्यावर इतकं सरळ कुणी मला सांगितलं नव्हतं. तेही चहा निवत असताना. मी म्हणत होते, कर्ण मोजतात म्हणजे नियमावर विश्वास नाही. त्यांचा नियमावर पूर्ण विश्वास होता. नव्हता तो स्वतःवर. आणि माझं? माझा स्वतःवर फार विश्वास होता.

बाबा उठले. "चाळीस वर्षांत माह्यं एक घर वाकडं नाई निंगालं, माय. तुह्या पुस्तकात मी सारेच वाकडे आखले." मग दारातून, पाठमोरेच म्हणाले, "परीक्षा तुही हाये. तुले जमन तसं कर. मी कोणाले काई सांगत नाई."

आईनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. 

सकाळी दहाला कार्यक्रम. त्रिशरण-पंचशील झालं, पुष्पहार झाले. विहार समितीचे अध्यक्ष उत्तमराव माइकवरून गरजले, "आपल्या वस्तीची पहिली डॉक्टर!" टाळ्या. फ्लेक्सवरची अर्धवट डोळ्यांची मी सगळ्यांकडं पाहत होते. दोन शब्द बोलायला लावले तेव्हा मी दोनच बोलले, "जय भीम." लोकांना वाटलं, पोरगी भारावली.

तीन कोपऱ्यांच्या खुंट्या बाबांनी आदल्या दिवशीच ठोकल्या होत्या. चौथी माझ्यासाठी राखलेली, जागेवर चुन्याची खूण करून. खुंटीला निळी फीत बांधली होती. मी हातोडा उचलला.

"मॅडम, इकडं पाहा! इकडं!" उत्तमरावांच्या पुतण्याचा मोबाइल. मी तिकडं पाहिलं आणि ठोकलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा ठोकलं. फोटो छान आला म्हणे. टाळ्या, चहा, चिवडा. लोक पांगायला लागले.

बाबांनी खिशातून टेप काढला. "शीला, धर."

सगळ्यांसमोर मला बोलावलं. खोली अठरा बाय चोवीस, तिचा कर्ण तीस फूट यायला हवा. मी एकचा आकडा खुंटीवर ठेवला. बाबा समोरच्या कोपऱ्याशी वाकले.

"एकतीस." म्हणजे तीस. बरोबर.

मग दुसरा कर्ण, माझ्या खुंटीपासूनचा. बाबांनी टेप ताणला, सोडला, पुन्हा ताणला.

"दीड इंच कमी."

ते चालत आले, वाकले, आणि निळ्या फितीसकट माझी खुंटी हलवून हलवून उपटली.

"अहो माणिकराव!" उत्तमराव चहाचा कप घेऊन धावले. "राहू द्या ना आता. दीड इंचानं काय होते? लेकीच्या हातचा मान हाये तो, साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या."

"मान फोटोत गेला," बाबा म्हणाले. "खुंटीत मान नसते. उद्या फरशी बसवाले घेतली की दीड इंच साऱ्या खोलीत बोंबलते."

उत्तमराव माझ्याकडं पाहू लागले, मी काही बोलेन म्हणून. बाबांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. खुंटीच्या टोकाची माती पुसत राहिले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नाही. खुंटी चुकली होती, त्यांनी काढली, एवढंच.

मी टाकीकडं चालत गेले.  ईमेलमध्ये चारच ओळी लिहिल्या. चौथं प्रकरण चुकीचं आहे. मोजणी कुठून सुरू होते हे मी तपासलं नव्हतं. सदर कारागीर नियमही जाणतो आणि मोजमापाच्या साधनातली चूकही जाणतो. तोंडी परीक्षा रद्द करावी. मॅडमना पाठवलं, विद्यापीठाला पाठवलं, आणि ज्यांनी लेख छापला त्यांनाही. दोन मिनिटांत मॅडमचा फोन आला. मी उचलला नाही. उचलला असता तर मला माझी खात्री नव्हती.

परत आले तेव्हा लोक गेले होते. बाबा चुन्याची जुनी खूण पायानं पुसत होते.

"बाबा, मीपण काढली खुंटी."

त्यांना लगेच कळलं. 

"किती दिवस लागतीन?"

"वर्ष. जास्तच. अन् ती नोकरीही गेली." मला रडू फुटलं, आणि बाबांनी रडताना पाहिलं म्हणून मला आणखी राग आला. "तो फ्लेक्स आधी काढा! निदान त्या डॉक्टरवर चुना तरी फासा!"

बाबांनी फ्लेक्सकडं पाहिलं. डोळे बारीक करून, भिंत पाहतात तसं.

"राहू दे," ते म्हणाले. "वर्षाच्या उन्हानं रंग आपोआपच उडते. मग नवा छापू."

"दोनदा?"

"दोनदा."

मग त्यांनी हातोडा माझ्या हातात दिला, खुंटी दिली, वर टेपाचं टोकही दिलं. हात खराब होतील, असं ह्या वेळी म्हणाले नाहीत.

"एकवर धर," म्हणाले.